दहा मिनिटांची वाट
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



तीस वर्षांनी या पटांगणात माइकसमोर उभी आहे. मागच्या वेळी उभी होते ती वक्तृत्व स्पर्धेला, आणि तिसऱ्याच वाक्याला अडखळून खाली बसले होते. त्यामुळे या वेळी कागद आणला आहे. संयोजकांनी मला दोन विषय सुचवले होते, 'आयटी क्षेत्रातील संधी' आणि 'तुमची वारी'. पहिल्या विषयावर आपली मुलंच आता आपल्याला शिकवतील. म्हणून दुसरा घेतला.

2024 साली मी आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली. 29 जूनला माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं आणि 17 जुलैला आषाढी एकादशी होती. एकोणीस दिवस आणि अडीचशेच्या आसपास किलोमीटर. ऑफिसात रजेच्या अर्जावर कारण लिहिलं 'पदयात्रा'. माझ्या मॅनेजरनं विचारलं, "तुझं गाव तर पंढरपूरच्या शेजारी आहे ना? मग चालायला पुण्याकडून का?" हाच प्रश्न पुढे मला वाटेत निदान वीस जणांनी विचारला. आमच्या दिंडीतल्या एक आजी तर म्हणाल्या, "माढ्याची आहेस व्हय? अगं, मग दारातनं एसटीत बसायचं सोडून आळंदीला कशाला आलीस गं बाई?"

त्याचं कारण या शाळेत आहे.

आपल्याला आठवत असेल, मराठीच्या बाई ग्रंथालयाच्या तासाला कपाटाची किल्ली घेऊन यायच्या आणि एखादं पुस्तक काढून मोठ्यानं वाचायच्या. नववीत त्यांनी इरावती कर्वे यांचं 'परिपूर्ती' काढलं. 1949 साली निघालेलं पुस्तक. त्यात 'वाटचाल' नावाचा लेख आहे. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवणारी, जर्मनीत डॉक्टरेट केलेली ही बाई वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला चालत गेली आणि जे पाहिलं ते तिनं लिहिलं. पुढे 'युगान्त'ला 1968 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण बाईंचा आवडता लेख 'वाटचाल'. 1962 साली तो इंग्रजीत अमेरिकेतल्या एका संशोधन नियतकालिकात छापून आला, हे त्यांनी आपल्याला केवढ्या अभिमानानं सांगितलं होतं! आपण मागच्या बाकावर पेरू खात होतो. बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "आत्ता नाही कळणार तुम्हाला. पाय दुखायला लागतील तेव्हा परत वाचा."

बाई, तुम्ही समोर बसला आहात. पाय दुखायला लागल्यावर मी तो परत वाचला. जेजुरीच्या मुक्कामात, तंबूत, बॅटरीच्या उजेडात. म्हणूनच आळंदीहून निघाले होते. इरावतीबाईंची वाट जितकी मिळेल तितकी चालायची होती.

आधी वाटेविषयी थोडं सांगते, कारण इथल्या बऱ्याच जणांनी पंढरपूरला शेवटचा टप्पा पाहिला आहे, पण आळंदीकडची बाजू पाहिलेली नाही.

माउलींचा आजचा पालखी सोहळा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिला. आळंदी, पुणे, मग दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा नदी ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. धर्मपुरीपाशी पालखी आपल्या सोलापूर जिल्ह्यात येते. मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांब. दिवे घाटात खाली वळून पाहिलं की मागे सगळा रस्ता पांढऱ्या टोप्यांचा आणि रंगीत लुगड्यांचा. फोटोत तुम्ही ते पाहिलं असेल. फोटोत घामाचा वास येत नाही आणि टाचेला आलेला फोडही दिसत नाही.

दिंडीत आधी भिशी भरायची. त्यात जेवण, तंबू आणि सामानाचा ट्रक आला. पहाटे तीनला उठायचं, टँकरखाली गार पाण्यानं आंघोळ, अंधारातच चालायला लागायचं. पुढे पताका, मग टाळकरी, मधे वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. आणि प्रत्येकाचं नाव एकच, माउली. पाणी वाटणारा माउली, पोलीस माउली, पायावर पाय देणाराही माउली. नाव नाही, हुद्दा नाही. पंचवीस वर्षं ईमेलच्या खाली हुद्दा लिहिणाऱ्या बाईला याची सवय व्हायला तीन दिवस लागले.

वाटेत गावागावांतल्या बाया घागरी घेऊन उभ्या असतात. एकाच पेल्यानं सगळे पितात. मीही प्यायले. चौथ्या-पाचव्या दिवशी उन्हात एका मुलीनं माझ्या हातात पेला दिला. जर्मनचा, कडेला पोचा आलेला. आणि मला तिथं रस्त्यावर उभं राहून रडू आलं. मागच्या बाईला वाटलं, पाय मुरगळला.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मी इथं आले आहे.

2023 साली माझी आई गेली. माढ्याचं घर आवरताना पडवीच्या कोनाड्यात एक जर्मनचा पेला सापडला. आमच्या घरात पाणी प्यायला पितळी पेले होते, नंतर स्टीलचे आले. हा एकच वेगळा, घराच्या बाहेर ठेवलेला. तो कुणासाठी होता हे मला सांगायची गरज नव्हती. कारण तो आणून देणारी मीच होते.

माझ्या बाकावर एक मैत्रीण बसायची. पाचवीपासून दहावीपर्यंत. तिचं नाव मी घेणार नाही, तसं तिनंच सांगितलं आहे. तुमच्यातल्या काहींना लगेच कळेल. कृपा करून इकडेतिकडे पाहू नका. ती गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. संध्याकाळी आमच्याकडे अभ्यासाला यायची. माझी आई तिला बीजगणित शिकवायची, परीक्षेला जाताना हातावर दही घालायची. दही वरून घालायची, हात न लावता. आणि पाणी त्या पेल्यात द्यायची.

सातवीतल्या उन्हाळ्यात एकदा ती शाळेतून धावत आली आणि तिनं माठाजवळचा पितळी पेला स्वतःच उचलला. आई आत होती. आईनं पाहिलंही नाही. मी म्हणाले, "तो नको." दोनच शब्द. ती थांबली, पेला होता तिथं ठेवला आणि म्हणाली, "मला तहान नाही."

त्यानंतर तीन वर्षं ती आमच्याकडे येत राहिली. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. तिनं आमच्याकडे पुन्हा कधीही पाणी मागितलं नाही. विचारलं की एकच उत्तर, "तहान नाही." आणि मी ते खरं धरून चालले, कारण ते सोयीचं होतं. आमच्या धंद्यात याला म्हणतात, त्रुटी माहीत आहे पण तक्रार आलेली नाही, म्हणून सगळं ठीक आहे.

आईची बाजू घ्यायची तर घेता येईल. तिला तिच्या आईनं शिकवलं, काळ तसा होता, वगैरे. पण माझी बाजू कशी घेऊ? आपल्याला इथं याच शाळेत बाईंनी 'वाटचाल' वाचून दाखवला होता. त्या लेखात काय आहे, आठवतं? इरावतीबाई ज्या दिंडीत होत्या तिचे दोन भाग होते, एक ब्राह्मणांचा, एक मराठ्यांचा. चालायचं बरोबर, भजन बरोबर, आणि जेवायला बसायचं वेगळं. इरावतीबाईंना त्याची रोज खंत वाटायची. त्या उठून पलीकडच्यांबरोबर जेवल्या, आणि मग त्या बायकांचं बोलणं त्यांच्याशी मोकळं झालं. महाराष्ट्र म्हणजे काय, याचं उत्तर त्यांना त्याच वाटेवर मिळालं, पण त्या उत्तरातली भेगही त्यांनी झाकली नाही. इतकं स्पष्ट लिहिलेलं मी नववीत ऐकलं. शेजारी ती बसली होती. तिनंही ऐकलं. आणि संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पेला कोनाड्यातच होता.

जेजुरीच्या तंबूत हे वाचलं आणि झोप लागली नाही.

तुम्ही विचाराल, आता काय परिस्थिती आहे? आमच्या दिंडीत पंगत एकच होती. वाढणारा कोण, शेजारी कोण, कुणी विचारत नव्हतं. पण एकदा, अगदी मायेनं, एका माउलींनी पाय चेपता चेपता विचारलंच, "आणि आडनाव काय म्हणालीस?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा निवांत झाला. माझ्याऐवजी माझी मैत्रीण असती तर त्या प्रश्नानंतर काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही. पण तिला त्या एका क्षणात श्वास रोखून धरावा लागला असता. मला लागला नाही. एवढा फरक अजून शिल्लक आहे.

वारीतली एक पद्धत मला फार आवडली. संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. याला समाज आरती म्हणतात. हजारो टाळ वाजत असतात. मग चोपदार दंड उंच करतात आणि एकदम शांतता. इतकी की तळावर कुठंतरी रडणारं बाळ ऐकू यावं. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात. ऑफिसातली आमची सकाळची मीटिंग याच्यापुढे काहीच नाही. पण त्या शांततेत एखादी दिंडी टाळ वाजवतच राहते. मला वाटलं, यांना कळलं नसेल. त्या आजी म्हणाल्या, "त्यांची तक्रार हाय. मिटल्याशिवाय टाळ थांबवत न्हाईत." चोपदार तिकडे जातात, विचारतात, म्हणणं ऐकून घेतात. मग टाळ थांबतो, मग आरती.

मी त्या रात्री विचार करत होते की माझ्या मैत्रिणीनं तीन वर्षं टाळ वाजवलाच नाही. 'तहान नाही' एवढंच म्हणाली. वाजवला असता तर ऐकायला चोपदार कोण होता? आई? मी? वर्ग? तक्रार करायला सुद्धा आधी कुणीतरी थांबून ऐकेल असा भरवसा लागतो.

पंढरपूरला पोचले. दर्शनाची रांग किती लांब होती ते सांगत नाही, मी कळसाचं दर्शन घेतलं. नामदेव पायरीपाशी गेले. तिथंच समोर चोखोबांची समाधी आहे. आयुष्यभर ज्याला आत जाता आलं नाही, त्याची समाधीही दाराबाहेर. हे मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरातच उपोषण केलं. दहा दिवस. मग दार उघडलं. हे आपण इतिहासात एका ओळीत शिकलो होतो आणि एका गुणाला लिहिलं होतं. त्या पायरीपाशी उभं राहून वाटलं, देवळाचं दार उघडल्यावरही चाळीस-पंचेचाळीस वर्षं आमच्या पडवीचा कोनाडा तसाच राहिला.

पंढरपूरहून गाडीनं कुर्डुवाडीला आले. आपल्या लहानपणी इथं बार्शी लाइटची छोटी गाडी होती; आषाढीला तिच्या टपावरसुद्धा माणसं बसायची. आता रूळ मोठे झाले. माझी मैत्रीण आपल्याच तालुक्यात नोकरी करते. तिला आदल्या रात्री फोन केला होता. तीस वर्षांत लग्नाच्या दोन पत्रिका आणि दिवाळीचे मेसेज, एवढाच आमचा संबंध. ती म्हणाली, "ये की."

घरात गेले. तिनं पहिल्यांदा पाणी आणलं, जसं कुणीही आणतं. मला पाणी प्यायच्या आधी बोलायचं होतं. मी 'तो नको' म्हटलेलं तिला सांगितलं. पेला सापडल्याचं सांगितलं. माफी मागितली. शब्द फार चांगले नव्हते, वक्तृत्व स्पर्धेसारखंच झालं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तू विसरलीस. तेच बरं वाटायचं. विसरली असेल तर निदान तिला काही वाटलं नसेल, मुद्दाम नसेल." मग म्हणाली, "काकूंवर माझा राग नव्हता. त्यांनी मला गणित शिकवलं, त्यावर मी नोकरीला लागले. त्या मोठ्या होत्या, त्यांच्या जगातल्या होत्या. राग तुझ्यावर होता. तू मैत्रीण होतीस."

मी मान खाली घालून बसले होते. तेव्हा ती जे म्हणाली ते मी या कागदावर जसंच्या तसं लिहून आणलं आहे. ती म्हणाली, "तू आळंदीहून चालत आलीस, चांगलं केलंस. पण आमचं घर तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं. सहा वर्षांत तू एकदा तरी आलीस का?"

मित्रांनो, मी गेले नव्हते. एकदाही नाही. ती रोज आमच्याकडे यायची, त्यामुळे मला वाटायचं आमची मैत्री दोन्ही बाजूंनी आहे. तिच्या घराची वाट मला माहीत होती. वेशीपर्यंत जाऊन मी तिला हाक मारायची आणि तिथंच उभी राहायची. कुणी मला 'पुढे जाऊ नकोस' असं सांगितलं नव्हतं. तसं सांगावं लागतच नव्हतं.

इरावतीबाई चालल्या आणि पलीकडच्या पंगतीत जाऊन बसल्या. मी त्यांच्या वाटेनं अडीचशे किलोमीटर चालले आणि मला कळलं की त्यांची खरी वाटचाल ती पंगतीतली चार पावलं होती. ती मी तीस वर्षं उशिरा टाकली.

तुम्हाला हे सगळं ऐकून अवघडल्यासारखं वाटत असेल. आनंदाच्या मेळाव्यात हे कशाला, असंही वाटेल. मीही तिला तेच विचारलं होतं, "सांगू का तिथं?" ती म्हणाली, "सांग. पण रडू नकोस आणि मला थोर करू नकोस." ती आज इथं आहे की नाही, तेही मी सांगणार नाही. पण वर्गात साठ मुलं होती आणि कोनाडे एकाच घरात नव्हते, एवढं मला नक्की माहीत आहे. आपल्यापैकी कुणाला असं एखादं दहा मिनिटांवरचं घर आठवत असेल, तर ते या मेळाव्याच्या निमित्तानं आठवलेलं बरं.

शेवटी एक आमंत्रण. आपल्या तालुक्यातल्या अरणच्या सावता महाराजांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ते पंढरीला गेले नाहीत, मळा सोडून कुठंच गेले नाहीत. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, आणि आषाढ वद्यात पांडुरंगाची पालखी मात्र पंढरपूरहून अरणला येते. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा, की देव आमच्या तालुक्यात येतो. आता त्याचा अर्थ मला थोडा वेगळा लागतो. ज्याच्याकडे सगळे जातात, त्यानंही कधीतरी उठून दुसऱ्याच्या दारात जायचं असतं.

पुढच्या आषाढात, सावता महाराजांच्या पुण्यतिथीला, माढ्याहून अरणला चालत जायचं ठरवलं आहे. एका दिवसाची वाट आहे. रजा टाकायला लागणार नाही, भिशी नाही, पहाटे तीनची आंघोळ नाही. ज्यांना यायचं असेल त्यांनी पाण्याची बाटली आणू नये. वाटेत जे घर लागेल तिथं मागून पिऊ. माझी मैत्रीण म्हणाली आहे की येईन. पण तिची एक अट आहे, सुरुवात तिच्या जुन्या घरापासून करायची. तिथं आता तिचा भाऊ राहतो. सकाळी सहाला चहा तिथं आहे.

बाई, पाय दुखल्यावर कळेल म्हणाला होतात. कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.